ग्रामपंचायतीचा निधी आणि घरकुलाचे अनुदान: एका पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

ग्रामपंचायतींच्या निवडणुका जवळ आल्या की मराठी समाजमाध्यमांवर एक दावा थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा, की केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खात्यात कोट्यवधी रुपये थेट जमा करते आणि सरपंच व ग्रामसेवक ते मनाला येईल तसे खर्च करतात. घरकुलांचे पैसेही याच निधीत आलेले असतात, म्हणून ज्याला घरकुल मिळाले नाही त्याचे पैसे गावातच कोणीतरी खाल्ले आहेत. वरून एवढा पैसा येत असताना घरपट्टी भरण्याचे कारण नाही, आणि गावात पाणी-रस्ते होत नाहीत ते फुकटची घरे वाटण्यात निधी संपतो म्हणून. सोबत एखाद्या सरकारी पोर्टलवरचा आकडा पुराव्यादाखल जोडलेला असतो. गावपातळीवर पैसे खाल्ले जातात हा संशय निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही, मी तर मुळीच नाही. पण हा दावा ज्या वाटांनी पैसा जात नाही त्या वाटांवर पहारा बसवतो आणि ज्या वाटांनी जातो त्या मोकळ्या सोडतो.

आधी रकमेचे पाहू. ग्रामपंचायतींना केंद्राकडून मिळणारा मुख्य निधी वित्त आयोगाच्या शिफारशीने येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील सर्व ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच तो माणशी काढून पाहणे आवश्यक आहे. वर्षाला सरासरी सुमारे ४७ हजार कोटी, आणि २०११ च्या जनगणनेनुसार देशाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला साधारण ५७० रुपये. महाराष्ट्रात या निधीचे वाटप ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के असे होते, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हाती माणशी साडेचारशेच्या आसपास रक्कम उरते. ही देशपातळीची सरासरी आहे आणि राज्याराज्यांत ती कमीजास्त होते, पण तीन हजार वस्तीच्या गावाला वर्षाला तेरा-चौदा लाख रुपये हा अंदाज त्यातून निघतो. कोटीचा आकडा गाठायचा तर दहा हजार वस्तीचे गाव घ्यावे लागेल, आणि तेथेही दोन वर्षांहून अधिक काळाची बेरीज करावी लागेल.

मग पोर्टलवर मोठा आकडा दिसतो तो कोठून येतो? २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि तिचे जमा-खर्चाचे हिशेब, दोन्ही पाहायला मिळतात. संदेशांत बहुधा आराखड्यातील रक्कम उचललेली असते. आराखड्यात गावाने योजलेल्या कामांची अंदाजित किंमत असते. त्यात वित्त आयोगाखेरीज इतर योजनांतून करायची कामेही धरलेली असतात, आणि एका वर्षी न झालेले काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पुन्हा लिहिले जाते. अशा चार-पाच वर्षांच्या आराखड्यांची बेरीज करून ‘गावाला इतका निधी आला’ असे म्हणणे हे एकच विहीर चार वेळा मोजण्यासारखे आहे. प्रत्यक्ष जमा रक्कम पाहायची असेल तर त्याच पोर्टलवरील जमेची आणि प्रमाणकांची (खर्चाच्या व्हाउचरची) नोंद उघडावी लागते, आणि ती संदेशात क्वचितच जोडलेली असते.

‘थेट खात्यात’ हा शब्दप्रयोगही अर्धाच खरा आहे. राज्यघटनेच्या २८० व्या अनुच्छेदात वित्त आयोगाला राज्याचा एकत्रित निधी वाढवून त्याद्वारे पंचायतींच्या साधनांना जोड देण्याचे उपाय सुचवण्यास सांगितले आहे; म्हणजे पैसा आधी राज्याकडे येतो. राज्याने तो कामकाजाच्या दहा दिवसांत पुढे पाठवावा, विलंब झाल्यास व्याजासह द्यावा, अशी अट आहे. याशिवाय लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असणे, राज्याने स्वतःचा राज्य वित्त आयोग नेमणे आणि संबंधित संस्थेवर निवडून आलेले मंडळ असणे याही अटी आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासक होते, म्हणजे निवडून आलेले मंडळ नव्हते. शेवटच्या अटीचा अर्थ त्यांच्या वाट्याच्या निधीच्या दृष्टीने काय होतो हे उघड आहे. निधी अडण्याची ही कारणे सरपंचाच्या दप्तरात सापडणारी नाहीत, ती मंत्रालयाच्या पातळीवरची आहेत, आणि फिरणाऱ्या संदेशात त्यांचा उल्लेखही नसतो.

सरपंच हा पैसा मनमानीने खर्च करतो, हा पुढचा भाग. पंधराव्या आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेला, होता: निम्मा स्वच्छता व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित म्हणवला जाई, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नसे. वरच्या उदाहरणातील तीन हजार वस्तीच्या गावाकडे गावाच्या पसंतीने खर्च करण्याजोगे साडेपाच लाखांच्या आसपास उरतात. त्यातच २०२१ मध्ये राज्य सरकारने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली वीजबिले याच निधीतून भरण्यास सांगितले, तेव्हा सरपंचांनी त्याला विरोध केला होता. त्यांचा विरोध समजण्यासारखा होता. पैसे काढण्यासाठी ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि सरपंच या दोघांच्याही डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. या व्यवस्थेत गैरव्यवहार होत नाही असे नाही. तो होतो, पण वेगळ्या रीतीने: फुगवलेल्या अंदाजपत्रकातून, न झालेल्या कामाच्या मोजमापातून, ठरलेल्या पुरवठादाराकडून चढ्या दराने केलेल्या खरेदीतून. या तिन्ही ठिकाणी सरपंचाखेरीज पंचायत समितीचे तांत्रिक कर्मचारीही असतात, आणि दाव्यात त्यांचे नाव नसते.

घरकुलाच्या बाबतीत दावा सर्वांत जास्त चुकतो, आणि लोकांचे नुकसानही येथेच सर्वांत जास्त होते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही वित्त आयोगाच्या निधीहून पूर्णपणे वेगळी योजना आहे. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये लाभार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होतात. ही रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यातून जात नाही. घरकुलाला मंजुरी मिळते ती पंचायत समिती आणि जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या पातळीवर, आणि पुढचा हप्ता सुटतो तो बांधकामाच्या टप्प्याचे छायाचित्र जिओ टॅगिंगसह अपलोड झाल्यावर. राज्याच्या रमाई, शबरी आणि मोदी आवास या योजनांचा निधीही त्या त्या विभागाकडून येतो. त्यामुळे ‘घरकुलाचे पैसे पंचायतीत आले होते, ते खाल्ले’ ही तक्रार घेऊन ग्रामसभेत उभा राहणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो, कारण पंचायतीच्या जमाखर्चात ती रक्कम नसतेच आणि सरपंचाला ते दाखवून देणे सोपे जाते.

ज्याचे नाव आले नाही त्याने यादीकडे पाहायला हवे. या योजनेचा पाया २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाची यादी हा होता. त्यातून सुटलेल्यांसाठी नंतर आवास प्लसचे सर्वेक्षण झाले, आणि आपल्याकडे ती यादी ‘प्रपत्र ड’ किंवा नुसती ‘ड यादी’ म्हणून ओळखली जाते. नाव गळण्याची कारणे ठरलेल्या निकषांत असतात. पूर्वी घरात दुचाकी किंवा फ्रीज असला तरी कुटुंब अपात्र ठरत असे. २०२४ मध्ये हे निकष शिथिल झाले आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. कित्येक कुटुंबे यादीत असूनही अडतात, कारण त्यांच्या नावे जागाच नाही किंवा घर गायरानावर आहे. जागा विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी अर्थसहाय्य योजना आहे, तिची मर्यादा ५० हजारांवरून १ लाखापर्यंत वाढवण्यात आली. पण जी कुटुंबे सरपंचावर संतापून बसली आहेत त्यांपैकी किती जणांना तिच्याविषयी कोणी सांगितले असेल, हा प्रश्नच आहे. ग्रामपंचायतीची खरी ताकद याद्यांच्या पडताळणीत असते. पात्र नाव वगळणे, अपात्र नाव तसेच राहू देणे आणि ग्रामसभा कागदावर उरकणे हे तिच्या हातचे आहे, आणि दोष द्यायचा असेल तर तो तेथे नेमका लागू पडतो.

शहरी भागाबाबत मात्र दाव्याला एक सवलत द्यावी लागेल. प्रधानमंत्री आवास योजना शहरीमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळत, आणि त्या घटकात नगरपरिषद ही अंमलबजावणी यंत्रणा असल्याने पैसा तिच्यामार्फत लाभार्थ्यापर्यंत पोहोचत असे. तेथे हप्ता रखडला तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना जाब विचारणे योग्यच आहे. संदेश लिहिणाऱ्याने शहरातला अनुभव गावाला लावला असावा, असे मला वाटते.

घरपट्टी भरू नका, हा सल्ला केवळ चुकीचा नाही, तर तो पाळणाऱ्या गावाला आणि शहराला थेट महाग पडतो. वित्त आयोगाच्या पैशातून पगार करता येत नसेल तर पाणी सोडणारा, गटारी काढणारा आणि दिवाबत्ती पाहणारा यांचा पगार मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीतून आणि राज्याच्या मर्यादित अनुदानातूनच व्हायचा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुली शून्य झाली की तेही शून्य होतात. नगरपरिषदा व महापालिकांच्या बाबतीत तर पंधराव्या आयोगाने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या वेगाने वाढवणे ही अनुदानासाठीची अटच घातली. कर बुडवून केंद्राचा निधी मागणे, अशी सोय तेथे नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई राज्याकडून महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीने मिळते. अशा स्थितीत स्थानिक संस्थेने स्वतः आकारावा असा मोठा कर जवळपास मालमत्ता कर एवढाच उरला आहे.

राहिला ‘फुकटच्या घरां’चा टोमणा. घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यासाठी १ लाख २० हजार, म्हणजे चौरस फुटाला ४५० रुपयांहूनही कमी. योजनेच्या मूळ रचनेत याला रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांच्या अकुशल मजुरीची आणि शौचालयाच्या १२ हजारांची जोड होती. २०१६ मध्ये ठरलेली ही मूळ रक्कम वर्षानुवर्षे बदलली नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये आपल्या बाजूने ५० हजारांची भर घातली, आणि त्यातलेही १५ हजार सौरऊर्जेसाठी राखलेले आहेत. उरलेला खर्च कुटुंब स्वतःच्या खिशातून किंवा सावकाराकडून भागवते. या पैशामुळे गावाचा रस्ता अडतो हे तर मुळीच खरे नाही, कारण घरकुल नामंजूर झाले म्हणून त्याची रक्कम पंचायतीच्या रस्त्याकडे वळत नाही. आणि खासगी घरांसाठीच्या सरकारी अनुदानाचा राग असेल तर तो सगळीकडे सारखा हवा. गृहकर्जावरील व्याज अनुदानाच्या शहरी योजनेत २०२१ पर्यंत वर्षाला १८ लाख उत्पन्न असलेल्या कुटुंबालाही सुमारे २ लाख ३० हजार रुपयांपर्यंत लाभ मिळत होता. तो बँकेतून, कर्जखात्यात गुपचूप वळता होई, त्यामुळे त्याला कोणी फुकट म्हटले नाही. घरकुलाची यादी मात्र चावडीवर लागते.

ज्यांना खरोखर हिशेब हवा आहे त्यांनी निधीसाठी आणि घरकुलासाठी दोन वेगळी कागदपत्रे मागावीत. निधीच्या कामांसाठी अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकाचे प्रमाणक. घरकुलासाठी ग्रामसभेच्या ठरावासह प्रपत्र ड, अपात्र ठरवल्याचे कारण आणि हप्ता सुटल्याची तारीख. पहिल्या संचातील बराचसा भाग ग्रामपंचायतीत मिळतो, दुसऱ्यासाठी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.