‘मॉड म्हणजे चोरी’ हा आरोप कितपत टिकतो?

तयार व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे मॉड. “मॉड म्हणजे चोरीच, त्याने कंपनीची विक्री बुडते, मॉड करणाऱ्यांचे स्वतःचे कष्ट त्यात नसतात आणि कायदाही त्यांच्या विरोधात आहे,” अशा आशयाचा मजकूर गेम खेळणाऱ्या मंडळींमध्ये वारंवार फिरताना दिसतो. यातील शेवटच्या विधानात बरेच तथ्य आहे. आधीच्या तिन्हींत मात्र फारसे नाही.

चोरीची समजूत बहुधा मोबाइलवरून आली असावी. अमर्याद नाणी देणारी ‘मॉड एपीके’ (अँड्रॉइड फोनवर चढवायची बदललेली अ‍ॅप फाइल) ही बहुतेकदा कंपनीचे कुलूप फोडून वाटलेली प्रत असते, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. संगणकावरील मॉड मात्र सहसा मूळ गेमवर चढवायचा असतो, त्यामुळे तो गेम आधी जवळ असावा लागतो. आयडी सॉफ्टवेअरने १९९३ साली ‘डूम’ काढला तेव्हा नकाशे, चित्रे आणि आवाज इंजिनापासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमपासून, वेगळ्या ‘वॅड’ फायलींत ठेवले होते, त्यामुळे खेळाडूंना त्यांत भर घालणे सोपे झाले. फुकट वाटल्या गेलेल्या शेअरवेअर आवृत्तीत बाहेरची वॅड फाइल चढवू पाहिली, तर मात्र गेम ती नाकारून नोंदणी करण्यास सांगत असे. मॉड हवा असेल तर आधी पैसे मोजा, ही व्यवस्था खुद्द कंपनीचीच होती.

विक्री बुडण्याविषयी बोलायचे, तर बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा ‘आर्मा २’ पाहावा. २००९ सालचा हा युद्धखेळ मोजक्या शौकिनांचा होता. २०१२ मध्ये डीन हॉल यांनी त्यावर ‘डेझी’ हा मॉड केला, आणि केवळ तो खेळता यावा म्हणून लोकांनी तीन वर्षे जुना मूळ गेम इतक्या संख्येने घेतला की तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या विक्रीयादीत शिखरावर पोहोचला. पुढे ब्रेंडन ग्रीन यांनी आर्मावरच बॅटल रॉयल पद्धतीचे (शेवटी उरेल तो जिंकला, अशा लढतीचे) मॉड रचले आणि त्यांतून २०१७ चा पबजी उभा राहिला, ज्याच्या मोबाइल आवृत्तीपायी आपल्याकडच्या कित्येक घरांत रात्रीची ताटे गार झाली.

कष्टांबाबत एकच दाखला पुरे. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ हा गेम २००४ साली अनेक दोषांसह बाजारात आला, तो करणारी ट्रॉयका गेम्स पुढच्याच वर्षी बंद पडली, आणि त्यानंतरची दुरुस्ती चाहत्यांनी वर्षानुवर्षे विनामूल्य केली.

राहिला कायदा. ‘ड्यूक न्यूकेम ३डी’सोबत नकाशे रचण्याचे साधन दिलेले होते आणि असे नकाशे फुकट वाटण्याची मुभाही होती. मायक्रो स्टार या कंपनीने खेळाडूंचे तीनशे नकाशे सीडीवर घालून विकायला काढले, तेव्हा अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९८ साली ते मूळ कथेवर बेतलेल्या कृती ठरवून गेमची हक्कधारक असलेल्या फॉर्मजेनच्या बाजूने निकाल दिला. येथे दोषी ठरली ती विकणारी कंपनी. तरीही, मॉड कंपनीच्या परवानगीवर उभा असतो, हे या निकालातून निघतेच.

ही परवानगी कंपनीच्या सोयीप्रमाणे बदलते, आणि खरा तंटा तिथे आहे. ‘जीटीए ५’ हा गेम स्वतंत्र सर्व्हरवर खेळू देणारा ‘फाइव्हएम’ हा मॉड करणाऱ्यांची खाती त्या गेमच्या रॉकस्टार कंपनीने २०१५ मध्ये बंद केली आणि २०२३ मध्ये त्याच प्रकल्पाचा चमू स्वतःकडे घेतला. ब्लिझर्डच्या ‘वॉरक्राफ्ट ३’वर खेळाडूंनी रचलेल्या ‘डोटा’चा पुढचा अवतार व्हॉल्व्ह या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेला. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड’ ही नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर खेळाडूने रचलेला प्रत्येक गेम ब्लिझर्डच्याच मालकीचा राहील, अशी अट ब्लिझर्डने घातली. ती घालताना ‘डोटा’ डोळ्यांसमोर नसेल, असे मला वाटत नाही. नकाशे रचण्याचे साधन मात्र कंपनी आजही त्याच खेळाडूंच्या हाती देते.