गर्दी जमवणाऱ्यांची गर्दी

आमच्या फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावरच्या मागच्या मॅचला ४१ प्रेक्षक होते. आकडा सचिवांचा आहे, तेव्हा तो सोलून घ्यावा लागतो. त्यात पायऱ्यांवर बसलेले पाच राखीव खेळाडू धरलेले असतात. ते अंग मोकळं करायला उठले की आमची गर्दी एकदम पाचने ओसरते. पाहुण्या संघाच्या बसचा ड्रायव्हरही त्यातच. तो पहिला हाफ झोपलेला असतो; पण “तोंड मैदानाकडे होतं की नाही?” एवढंच सचिव विचारतात.

मी या क्लबचा समर्थक झालो तो पावसामुळे. आडोसा म्हणून पत्र्याखाली शिरलो, तर शेजारचा माणूस “जरा धरता का?” म्हणाला आणि त्याने एका लांबलचक कापडी बॅनरचं टोक माझ्या हातात दिलं. तो सुतळी आणायला गेला. या गोष्टीला आता चार हंगाम झाले. टोक अजून माझ्याच हातात आहे.

बॅनर धरणारा माणूस आपोआप प्रचार समितीत जातो, हे मला नंतर कळलं. समितीचं काम एकच: प्रेक्षक वाढवणं. सचिव दर बैठकीची सुरुवात धीर देऊन करतात. “१९२१ साली इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्ट काउंटी आणि लेस्टर सिटी यांची मॅच झाली. ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे एवढ्या मोठ्या मैदानावर! पैसे देऊन आत आलेले लोक किती? तेरा! आपण तेराच्या वर आहोत.” यावर टाळ्या पडतात. त्याच मैदानावर त्या दिवशी आधी दुसरी मॅच झाली होती आणि तिचे प्रेक्षक शेकड्यांनी मागे थांबले होते, हा गोष्टीचा उत्तरार्ध सचिव सांगत नाहीत. मी एकदा सांगितला. पुढच्या आठवड्यात खळीची बादली माझ्याकडे आली.

पोस्टर चिकटवणं हे बघायला सोपं काम आहे. खळ भिंतीला लावायची, तिच्यावर कागद. प्रत्यक्षात खळ आधी कोपरापर्यंत चढते, मग चष्म्याला लागते, मग खिशातल्या किल्ल्यांना, आणि भिंतीसाठी जी उरते ती कागदाचे वरचे दोनच कोपरे पेलते. खालची बाजू वाऱ्यावर फडफडत राहते. अशी ६० पोस्टरं मी एका रात्रीत लावली. सकाळी ती कशी दिसतात ते बघायला गेलो, तेव्हा एक आजोबा पोस्टर वाचत उभे होते. मी कौतुकाची वाट बघत बाजूला थांबलो. त्यांनी विचारलं, “मॅच कुठे आहे?” मी पोस्टर वरून खाली वाचलं. क्लबचं नाव होतं, वार होता, वेळ होती, उडणारा चेंडू होता, “प्रचंड संख्येने” होतं. मैदानाचा पत्ता नव्हता. सचिवांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, “मैदान कुठे आहे ते आपल्याला माहीत आहेच की.”

त्यानंतर आम्ही नातेवाइकांकडे वळलो. प्रत्येकाने एक माणूस आणायचा, असं ठरलं. मी मेहुण्याला गाठलं. त्याची अट होती: “दाजी, ते ऑफसाइड काय असतं ते आधी समजवा. नाहीतर तिथे सगळे ओरडतात आणि मी नुसता बघत बसतो.”

दारातल्या सगळ्या चपला मी हॉलमध्ये मांडल्या. “ही कोल्ड्रिंकची बाटली म्हणजे...” असं म्हणणार होतो, पण बाटली नव्हती, म्हणून छत्रीचा गोल केला. “बघ. आपला माणूस पुढे पास देतोय. त्या क्षणी आपला दुसरा माणूस समोरच्यांच्या अर्ध्यात असेल, चेंडूच्याही पुढे असेल, आणि गोललाइनकडून मोजलं तर त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे असेल, तर ती ऑफसाइडची जागा. गोलकीपर धरून मोजायचं. मग तो खेळात पडला की शिट्टी. हाताने चेंडू आत फेकतात, त्या थ्रो-इनला मात्र हे काही लागू नाही.”

मेहुण्याने बराच वेळ चपलांकडे बघितलं. “मग पास द्यायच्या आत यांनी सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं की. तो बिचारा आपोआप मागे एकटा राहील.” ज्या सापळ्यापायी भल्या भल्या बचावफळ्यांचं आयुष्य गेलं, तो या माणसाने पायपुसण्यावर बसल्या बसल्या शोधून काढला होता. १९२५ पर्यंत नियमात दोनऐवजी तीन खेळाडू लागायचे, हेही मी सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे अजून एक चप्पल.” तो मॅचला आला. गोलशून्य बरोबरी बघूनही हसतमुख राहिला. अशी माणसं वाया घालवायची नसतात म्हणून त्याच संध्याकाळी त्याला समितीत घेतलं. आता तो खजिनदार आहे. मॅच चालू असताना तो पत्र्यामागे पावत्या जुळवतो.

मग कुणीतरी बाहेरदेशीचे दाखले आणले. इंग्लंडमध्ये २०१० पासून छोट्या क्लबांसाठी एक खास दिवस पाळतात. देशादेशांच्या मॅचेसमुळे बड्या क्लबांना सुट्टी असते, त्या शनिवारी लोकांनी जवळच्या लहान मैदानावर जावं, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. आम्हीही तसाच दिवस धरला. त्या दिवशी सगळे घरी बसून देशादेशांच्या मॅचेस बघत होते. त्यात आमचे दोन बॅकही होते.

बर्लिनच्या युनियन क्लबचा दाखला त्याहून जड गेला. २००४ साली क्लब पैशांच्या अडचणीत होता, तेव्हा समर्थकांनी रक्तदान करून त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. पुढे २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त समर्थकांनी स्वतः राबून स्टेडियम नव्याने उभं केलं. हे ऐकून बैठकीत शांतता पसरली. जो तो आपापल्या दंडाकडे बघू लागला. शेवटी मागून एकाने विचारलं, “पोस्टरं लावली तर चालतील का?”

उपाध्यक्षांची काळजी मात्र वेगळीच आहे. फार लोक आले तर? १९२३ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडच्या एफए कपच्या फायनलला अधिकृत आकडाच सव्वा लाखावर होता, आणि आत घुसले त्याहून कितीतरी जास्त. माणसं थेट मैदानात उतरली. पांढऱ्या घोड्यावरच्या पोलिसाचं नाव झालं ते तेव्हाच. त्याने आणि इतरांनी गर्दी हटवली आणि मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. तेव्हापासून (म्हणजे उपाध्यक्षांनी हे वाचल्यापासून) आमच्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, दोर बांधलेला असतो. गर्दी थोपवायला चार माणसं नेमली आहेत. ती दोराला टेकून उभी असतात म्हणून दोर ताठ दिसतो.

मी काय करतो? मी गेटवर असतो. मॅचकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. मागून आरडाओरडा झाला की त्याच्या सुरावरून ओळखायचं: लांबट असेल तर चेंडू बारवरून गेला, तुटका असेल तर रेफरीला काहीतरी म्हटलं गेलं. या हंगामातला आमचा एकमेव हेडरचा गोल मी असाच, पाठीने बघितला.

गेल्या महिन्यात एक अनोळखी माणूस स्वतःहून आला. पोस्टर न बघता, कुणी न आणता. आत आला, पायरीवर बसला. आम्ही तिघे धावलो. मी म्हटलं, “बसा, बसा.” तो बसलेलाच होता. सचिवांनी त्याचा फोन नंबर घेतला, उपाध्यक्षांनी त्याला दोरापासून लांब बसवलं, मेहुण्याने पावतीपुस्तक उघडलं. हाफटाइमला कळलं की तो हिशेबतपासनीस आहे. दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत तो समितीत होता. प्रेक्षकांची मोजणी त्याच्याकडे दिली.

गडी प्रामाणिक निघाला. पुढच्या मॅचला त्याने कागदावर आडव्या रेघा मारल्या. एकूण माणसं ४१. वजा राखीव खेळाडू पाच. वजा ड्रायव्हर एक. वजा समिती सदस्य, स्वतःला धरून, ३२. खरे प्रेक्षक तीन. त्यातले एक गृहस्थ डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून मैदानाला फेऱ्या मारत होते, आणि उरलेलं जोडपं “इथे कुणी नसतं” म्हणून येऊन बसलं होतं.

सचिव कागदाकडे बघत राहिले. तीन म्हणजे तेराच्या खाली. त्यांनी त्याच रात्री तातडीची बैठक बोलावली. विषय: प्रेक्षकसंख्या कशी वाढवावी. बैठकीला सगळेच्या सगळे ३२ जण हजर होते आणि खुर्च्या कमी पडल्या.