गाजराच्या रसाने डोळ्याचा पडदा दुरुस्त होत नाही

सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मॅक्युलर डिजनरेशन म्हणजे फक्त म्हातारपण. रोज गाजराचा रस प्या, डोळ्यांत गाईच्या तुपाचे थेंब घाला, सहा महिन्यांत नजर परत येते. डोळ्यातली इंजेक्शनं घेऊ नका, त्यांनीच डोळा जातो.'

'फक्त म्हातारपण' हे खरं नाही. वय वाढलं की धोका वाढतो, पण तो आजारच आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भागच झिजतो आणि तो बदलून मिळत नाही. कडेचं दिसत राहतं, त्यामुळे आजी घरभर न अडखळता फिरते आणि समोरच्या नातवाचा चेहरा मात्र तिला ओळखू येत नाही. घरच्यांना वाटतं, लक्ष नाही तिचं.

गाजरातून 'अ' जीवनसत्त्व मिळतं. त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो. हा आजार त्यामुळे होत नाही. 2001 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात जस्त आणि जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर त्यांनीही परत आणली नाही. त्या गोळ्यांतलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनतं) सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दृष्टीने घातक ठरतं, म्हणून पुढे त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲक्झँथिन ही दुसरी द्रव्यं आली. तेव्हा गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच.

तुपाबद्दल एवढंच: घरचं तूप निर्जंतुक नसतं. डोळ्यांत घालू नका.

इंजेक्शनांबद्दलची ओळ वाचून मात्र जीव तुटतो. आजाराच्या 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात. इंजेक्शन ती गळती रोखतं. आधी डोळा बधिर करतात. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण हजारात एखाद्यापेक्षाही कमी जणांना. इंजेक्शन टाळलं तर काही महिन्यांतच मधोमध कायमचा व्रण पडू शकतो. खर्चाची भीती असेल तर बेव्हॅसिझुमॅब या स्वस्तातल्या इंजेक्शनबद्दल विचारा. 2011 च्या अमेरिकी तुलनेत ते महागड्या औषधाच्या तोडीचं ठरलं.

आणि मेसेजमध्ये विडी-सिगारेटचं नावही नाही! आपल्या हातातलं सर्वांत मोठं कारण तेच.

आज घरातल्या साठीपुढच्या माणसाला वाचायचा चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसवा. एकेक डोळा झाकून चौकटींच्या रेषा बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग दिसला, तर पडद्याच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. पण रेषा सरळ दिसल्या म्हणून नेहमीची तपासणी टाळू नका.