अ‍ॅरन जजची वर्षं वाया गेली म्हणणाऱ्या कॉमेंटला उत्तर

मागच्या आठवड्यात न्यूयॉर्क यांकीजचा बेसबॉलपटू अ‍ॅरन जज याच्या मायनर लीगमधल्या (मेजर लीगच्या खाली खेळाडू तयार होतात त्या पायऱ्या) वर्षांवर लिहिलं होतं, त्यावर नाव न लिहिता एक कॉमेंट आलीय. जशीच्या तशी देतो: ‘टॅलेंट असेल तर मायनर लीग म्हणजे निव्वळ टाइमपास. यांकीजनी जजला तीन वर्षं सडवला. आपला सचिन सोळाव्या वर्षी डायरेक्ट पाकिस्तानात खेळला. टीमवाले हे सर्व्हिस टाइमसाठी करतात. ड्राफ्टचा नंबरही चुकलाय. दोन मॅच बघून एनआरआय लोकांनी तज्ज्ञ बनू नये.’

ड्राफ्टचा, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातला, नंबर चुकला, मान्य. मी ३१वा लिहिलं होतं, २०१३ मध्ये तो ३२वा गेला. हायस्कूलनंतर २०१० ला ओकलंडच्या टीमने त्याला ३१व्या राउंडमध्ये घेतलं होतं आणि तो तिकडे न जाता फ्रेस्नो स्टेटला शिकायला गेला, ते दोन आकडे माझ्याकडून एकत्र झाले. लेखात दुरुस्त केलंय, त्याबद्दल आभार.

पण हे सांगायची ही काय पद्धत झाली? आपण कधी भेटलेलो नाही, मी किती मॅचेस बघितल्यात हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही, तरी सरळ ‘दोन मॅच’. २०१५ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून ऑफिस सुटल्यावर रूट वनने ट्रेंटनला जायचो, कधी आठवड्यातून दोनदा. यांकीजची डबल-ए टीम (खालून वर लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग) तेव्हा तिथे होती, डेलावेअर नदीच्या काठावरचं ग्राउंड, बॅटरने टाकलेली बॅट तोंडात धरून आणणारा गोल्डन रिट्रीव्हर, आणि पहिल्या बेससमोर इतक्या जवळ बसायला मिळायचं की सहा फूट सात इंचाचा हा माणूस स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) होऊन परत येताना स्वतःशी काय पुटपुटतो तेही जवळजवळ ऐकू यायचं. आणि तो स्ट्राइकआउट व्हायचा, बऱ्याचदा. म्हणून तर ‘टाइमपास’ हा शब्द मला लागला.

सडवला म्हणता, तर नीट बघा ना. २०१३ चा सीझन धावण्याच्या सरावात मांडीचा स्नायू फाटला त्यातच गेला. २०१४ ला चार्ल्सटनला लो-एमध्ये ६५ मॅचेसमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३३३ (म्हणजे साधारण तीन वेळा बॅटिंगला आला की एक हिट), तर काय केलं? लगेच वर, टॅम्पाला हाय-एमध्ये. तिथे .२८३. पुढच्या वर्षी ट्रेंटनला ६३ मॅचेस, .२८४ आणि १२ होमरन (बॉल थेट ग्राउंडबाहेर), की परत वर, स्क्रँटनला ट्रिपल-एमध्ये. म्हणजे जिथे जमलं तिथे त्याला कोणी धरून ठेवलाच नाही. आणि स्क्रँटनला पोचल्यावर ६१ मॅचेसमध्ये .२२४.

इथेच सगळी गंमत आहे आणि तुम्ही तेच एका शब्दात उडवून लावलंत. डबल-एमध्ये तरुण पिचर असतात, जोरात टाकतात, त्यांचा बॉल जज लांब मारायचा. ट्रिपल-एमध्ये मेजर लीग खेळून खाली आलेले, तिशीतले लोक असतात, त्यांच्याकडे वेग कमी असेल पण बॅटरला फास्टबॉल हवाय हे ओळखून ते नेमका तेव्हाच स्लायडर (ऐनवेळी बाजूला वळणारा बॉल) बाहेर टाकतात. एवढ्या उंच माणसाचा स्ट्राइक झोनही (बॉल जिथून गेला तर स्ट्राइक धरतात तो भाग) मोठा, गुडघ्याजवळचा बॉल सोडायचा की मारायचा हे ठरवणं त्याला इतरांपेक्षा अवघड. हे चार्ल्सटनला कळलंच नसतं, कारण तिथे असं टाकणारं कोणी नव्हतंच. २०१६ ला तो पुन्हा स्क्रँटनलाच सुरुवातीपासून खेळला, ९३ मॅचेसमध्ये .२७० आणि १९ होमरन, आणि १३ ऑगस्टला यांकी स्टेडियममध्ये पहिल्याच अ‍ॅट-बॅटला (बॅटिंगच्या पाळीला) होमरन. त्यानंतर? सीझन संपला तेव्हा ८४ अ‍ॅट-बॅट, ४२ स्ट्राइकआउट, .१७९. तो .१७९ चा आकडा त्याने फोनमधल्या नोट्समध्ये लिहून ठेवला, पुढच्या वर्षी ५२ होमरन मारले तरी रोज बघायचा. एवढं शिकून वर गेल्यावर ही अवस्था, मग २०१४ मध्येच उचलून नेला असता तर काय झालं असतं, सांगा.

आता स्वतःचं सांगतो, एरवी सांगत नाही. मी जळगाव जिल्ह्यात शाळेकडून सॉफ्टबॉल खेळायचो. जिल्ह्यात मला आउट करणं अवघड होतं, हे मी फुशारकी म्हणून नाही सांगत, स्कोअरशीटवर होतं. तिथून थेट राज्य स्पर्धेत. समोरच्या पिचरने जोरात हात फिरवला आणि बॉल हळू आला, असा बॉल मी आयुष्यात बघितला नव्हता, बॉल यायच्या आधीच बॅट फिरून झाली. तिन्ही मॅचेसमध्ये तेच. पुढच्या वर्षी निवडीला बोलावलंच नाही, ‘याला वरच्या लेव्हलला झेपत नाही’ असं म्हणाले. मधे एक पायरी असती, तसे शंभर बॉल खेळायला मिळाले असते, तर शिकलो असतो की नाही हे मला आजही माहीत नाही, पण ते शंभर बॉल मिळायला हवे होते. जजला ते मिळाले. त्याला तुम्ही टाइमपास म्हणता?

सचिनचं म्हणाल तर डायरेक्ट वगैरे काही नाही, १९८८ च्या डिसेंबरमध्ये तो मुंबईकडून रणजी खेळला, पहिल्याच मॅचला शतक. सर्व्हिस टाइमचा, म्हणजे मेजर लीगमधले दिवस कमी भरावेत आणि खेळाडू टीमकडे जास्त काळ राहावा म्हणून त्याला खाली ठेवण्याचा, मुद्दा वेगळा आहे, क्रिस ब्रायंट या खेळाडूला शिकागो कब्ज टीमने २०१५ मध्ये थांबवला त्यावर पाहिजे तेवढं बोलता येईल, पण .२२४ वाल्याला थांबवणं म्हणजे ते नव्हे, त्यामुळे त्यात जात नाही. आणि एनआरआय असण्याचा इथे काय संबंध ते मला खरंच कळलं नाही.

२०२० नंतर मायनर लीगची फेररचना झाली, टीम १२० वर आणल्या, तेव्हा यांकीजची डबल-ए ट्रेंटनहून ब्रिजवॉटरला सॉमरसेटकडे गेली. मला आता जवळ पडतं, तरी नदीकाठचं ते ग्राउंड आठवलं की वाईट वाटतं. परवा ब्रिजवॉटरला मॅच आहे, मी जाणार आहे. यायचं तर या, शेजारी बसून वाद घालू. पण इथे पुढची कॉमेंट नाव लिहून करा, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.