'गोळ्या थांबवा, मूल बारीक होईल' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, आठवडाभर गोळी बंद ठेवून बघू का गं?" तिचा मुलगा आठ वर्षांचा, त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, आणि त्यासाठी तो स्टेरॉइडची गोळी घेतो. कुणीतरी तिला 'स्नायू वाचवणारा आहार' नावाचा मेसेज पाठवला होता. दुसऱ्या दिवशी तोच मलाही दोघांकडून आला. त्यातलं सांगणं असं: स्टेरॉइडने मूल फुगतं, ते थांबवा. प्रोटीन दुप्पट करा, पोटऱ्या भरू लागल्या की गुण आला समजा. आठवड्यातून दोन दिवस कडक उपास, दमेपर्यंत व्यायाम, दूध बंद. आणि कुठल्याही वयात वजन जितकं उतरेल तितकं चांगलं.

गोळीचं आधी सांगते, कारण बाकीच्या चुका हळूहळू भोवतात आणि ही काही दिवसांत भोवू शकते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. स्टेरॉइड महिनोन् महिने बाहेरून मिळत राहिलं की त्यांचं काम मंदावतं. अशात गोळी एकदम थांबली तर बाहेरचंही गेलं आणि आतलंही नाही. उलट्या, रक्तदाब कोसळणं, साखर उतरणं, शुद्ध हरपणं. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मूल दगावू शकतं. म्हणूनच ही गोळी बंद करायची वेळ आली तरी डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. आजारपणात उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर तेवढ्यासाठीही लगेच कळवा म्हणून बजावतात. आणि मेसेज लिहिणारा सांगतो, उद्यापासून थांबवा! वर आईवर हेही लादतो की मूल जाड झालं ते तिनं गोळी दिली म्हणून. ज्या गोळीने डुशेनच्या मुलांचं चालणं काही वर्षं जास्त टिकतं, हातांची ताकद आणि श्वासही जास्त काळ साथ देतात, ती दिल्याबद्दल आईला अपराधी वाटावं?

स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा गोल होतो, वजन चढतं, हे खरं आहे. तेवढं मान्य करावंच लागेल. अशक्त पायांवर जास्तीचं वजन आलं की उठणं आणि जिना चढणं लवकर सुटतं, झोपेत श्वासाचा त्रास वाढतो, उचलणाऱ्याची कंबर जाते. पण त्यावरचे उपाय ठरलेले आहेत. डुशेनच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं 2018 साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात तीन भागांत आली. त्यांत प्रत्येक तपासणीला आहारतज्ज्ञाने मुलाला बघावं, असं म्हटलंय. वजन फार वाढत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडऐवजी डेफ्लाझाकॉर्ट हे दुसरं स्टेरॉइड देऊ शकतात. घरात करायचं ते म्हणजे गोळी सुरू होण्याच्या आधीपासूनच गोड पेयं आणि तळलेलं कमी करणं, ताटात बेताचं वाढणं, आणि हे एकट्या त्याच्यासाठी नव्हे तर सगळ्या घरासाठी.

आता प्रोटीन. डुशेनमध्ये स्नायू झिजतात ते प्रोटीन कमी खाल्ल्यामुळे नाही. स्नायूपेशीच्या पडद्याला सांभाळणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात जनुकातल्या दोषामुळे जवळजवळ बनतच नाही. 1987 पासून हे माहीत आहे. डबाभर पावडर पाजली म्हणून ते बनायला लागत नाही, जास्तीच्या कॅलरींची चरबी होते. पोटऱ्यांबद्दलचं वाक्य वाचून तर मी हबकलेच. या मुलांच्या पोटऱ्या भरीव दिसतात त्या स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतू साठतात म्हणून. ते आजाराचं लक्षण आहे, आणि मेसेज आईला सांगतो, बघ, गुण आला! क्रिएटिन या पूरक पदार्थाने स्नायूंची ताकद थोडी वाढल्याचं चाचण्यांमध्ये दिसलंय, एवढाच काय तो कण खरा. तेही डॉक्टरांना विचारूनच द्यायचं.

दूध बंद? स्टेरॉइडने हाडं आधीच ठिसूळ होतात, मणके पिचतात. कॅल्शियम लागतंच, आणि 'ड' जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासायचं असतं. दमेपर्यंत व्यायामाने कमकुवत स्नायू आणखी फाटतात. पोहण्यासारखा हलका व्यायाम चालतो. कडक उपास वाढत्या वयाच्या कुठल्याच मुलाला नको, मग या मुलाला तर नकोच.

राहिलं 'कुठल्याही वयात'. लहानपणी वजन वाढण्याची चिंता असते, पण विशीच्या जवळ येताना बऱ्याच मुलांचं उलटं होतं. चावताना जबडा दमतो, गिळताना ठसका लागतो, एकेक जेवण अर्ध्या तासाच्या वर लांबतं आणि वजन घसरू लागतं. तेव्हा घास मऊ करणं, कॅलरी वाढवणं, गरज पडली तर पोटात नळी बसवणं, हे बघावं लागतं. अशा घरात हा मेसेज पोचला तर वजन घटतंय म्हणून आई-बाप खूश होतील आणि डॉक्टरांकडे जायचं लांबवतील.

बहिणीने गोळी थांबवली नाही. आहारतज्ज्ञाची वेळ मागितली आहे, आणि मेसेज पाठवणाऱ्याला तिने माझ्यासमोरच फोन लावला.