अर्जाआधीचे विद्यापीठदर्शन

अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करायचा तर एसओपी (म्हणजे आपल्याला काय आणि का शिकायचे आहे ते सांगणारा निबंध) लिहायला बसावे लागते, आणि ते बसणे टाळण्याच्या मार्गांत ‘एकदा कॅम्पस प्रत्यक्ष पाहून येऊ’ याच्याइतका भारदस्त मार्ग माझ्या तरी पाहण्यात नाही. बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरात संपते. म्हणजे जायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमके शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांच्या मागे लागण्याच्या दिवसांत. तरीही मी विमानभाड्यांचा सखोल अभ्यास आरंभला.

सराव म्हणून आधी जवळच्याच एका विद्यापीठाची अधिकृत कॅम्पस टूर केली. या टूर असतात पदवीच्या वर्गात येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी; त्या घोळक्याने मला नेमके कोणाचा पालक समजले, ते शेवटपर्यंत कळले नाही. उलट्या पावलांनी चालणाऱ्या गाइडने वसतिगृह, भोजनगृह, व्यायामशाळा आणि संकटात बटण दाबायचे निळ्या दिव्याचे खांब मनापासून दाखवले. माझ्या विषयाची इमारत आली तेव्हा ‘इथे काहीतरी संशोधन चालते’ एवढे म्हणून ती पुढे, म्हणजे मागे, गेली. टूर संपल्यावर मी एकटाच आत शिरलो. भिंतींवर जुन्या परिषदांची पोस्टर्स होती, ज्यांच्या हाताखाली काम करायची माझी मनीषा होती त्यांच्या दारावर ‘यंदा सबॅटिकलवर’, म्हणजे अभ्यासरजेवर, अशी चिठ्ठी होती, आणि मायक्रोवेव्हसमोर एक विद्यार्थी डबा गरम होण्याची वाट पाहत उभा होता. “कितवे वर्ष?” मी आपुलकीने विचारले. त्याने उत्तर न देता मायक्रोवेव्हची वेळ एका मिनिटाने वाढवली.

वास्तविक निवड करते ती विभागातील प्राध्यापकांची समिती, आणि कोण आवारात फिरून गेले याची हजेरी काही तिच्यापुढे ठेवली जात नाही. स्टायपेंड किती, मार्गदर्शक नवे विद्यार्थी घेणार का, बाहेर पडलेले पुढे जातात कुठे, हे इमारतींकडे पाहून कळत नाही, ईमेलने कळते. शिवाय प्रवेश मिळाला, की अनेक पीएचडी विभाग फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या खर्चाने बोलावून घेतात, आणि आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी 15 एप्रिलपर्यंत सवड असते. थोडक्यात, आज पदरमोड करून जे पाहायचे, तेच ते पुढे जेवूखाऊ घालून दाखवणार. (स्वतःच्या पैशांनी मास्टर्स करणाऱ्यांना असे सहसा कोणी बोलावत नाही, त्यांनी खुशाल आधी पाहून यावे.)

एवढे पटूनही एका दूरच्या विद्यापीठाचा मोह सुटेना. तिकीट काढण्यापूर्वी तिथल्या प्राध्यापिकांना ‘भेटायला येऊ का’ असे विचारले, तेव्हा त्यांनी आधी व्हिडिओ कॉलवर बोलू असे सुचवले. “जरूर या,” त्या म्हणाल्या, “सध्या पानांचे रंग बदललेत, कॅम्पस फार सुंदर दिसतो. फक्त यंदा मी नवीन विद्यार्थी घेत नाही.” अर्जाचे शुल्क वाचले, विमानभाडेही वाचले. झाडांचे फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी ईमेलने पाठवले.