‘फक्त बेशुद्ध केलं मामा’

परवा परत तेच. साताऱ्याला ताईकडं गेलो की भाचा टीव्हीसमोर सुपरहिरोची मालिका लावून, आणि मी त्यातल्या मारामारीवर काही बोललो की त्याचं ठरलेलं उत्तर, मामा हा हिरो कुणाचा जीव घेत नाय, फक्त बेशुद्ध करतो. फक्त?? माझा चुलतभाऊ खंबाटकी घाटात गाडीवरनं पडला, डोक्याला मार, नऊ दिवस बेशुद्ध होता, दोन वर्षं झाली तरी बोलताना त्याला साधे शब्द सापडत नाहीत आणि काकू अजून रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे का बघते. बेशुद्ध म्हणजे झोप नव्हे रे.

डेअरडेव्हिल या सुपरहिरोच्या मालिकेचंच घ्या, २०१५ चा पहिला सीझन. दुसऱ्याच भागात हिरो एका रशियन गुंडाचा छळ करतो, वर त्याला गच्चीवरनं खाली फेकतो, माणूस कोमात. आणि पुढच्या सीझनला हाच गडी पनिशरला, म्हणजे गुंडांना सरळ ठार मारणाऱ्याला, सांगणार की जीव घेणं चूक! मग हाडं मोडलेली, मेंदूला मार बसलेली ती सगळी माणसं कुठं गेली, त्यांना भरवतंय कोण?

द बॉईज ही दुसरी सुपरहिरोंची मालिका निदान मागं उरलेल्याकडं बघते. पहिल्याच भागात सुपरहिरो धावत एका मुलीच्या आरपार जातो, तिच्या बॉयफ्रेंडच्या हातात तिचे नुसते हात उरतात, मग त्या सुपरहिरोची कंपनी पैसे देऊन त्याला गप्प बसवायला येते. पण आमच्या ग्रुपवर काय फिरतं? व्हिडिओतला तेवढा रक्ताचाच तुकडा, खाली हसणारे इमोजी. अरे तो पोरगा तिथं हात धरून उभा आहे, त्याच्याकडं बघा की एकदा.